लंडन: खिशाआधी पाय सांभाळा

लंडनला निघालेल्या माणसाचा पहिला हिशेब पौंडाचा असतो. कॉफी किती, तिकीट किती, खोली किती, आणि प्रत्येक आकड्याला शंभराहून मोठ्या आकड्यानं गुणून झालं की तोंडात बोट. हा हिशेब करावाच. पण या शहरात पैशांच्या आधी पाय संपतात. पहिले दोन दिवस उत्साहात जातात, तिसऱ्या दिवशी गुडघे बोलू लागतात आणि चौथ्या दिवशी यादीतली दोन ठिकाणं गुपचूप गळतात. नेमकी तीच ठिकाणं आपल्याला सगळ्यात आवडली असती, हे परत आल्यावर फोटो पाहताना कळतं.

ग्रेटर लंडनचं क्षेत्रफळ सुमारे १५७० चौरस किलोमीटर आहे. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. तेव्हा लंडन ‘बघून टाकणं’ कुणालाच जमत नाही. जमतं ते एवढंच, की प्रत्येक निर्णय घेताना तीन गोष्टी विचारायच्या: चालणं किती, जिने किती, वेळ किती? पैसे चौथ्या क्रमांकावर आपोआप येतात, आणि बऱ्याचदा वाचतातही.

निघण्यापूर्वी

ब्रिटनचा व्हिसा आणि युरोपचा शेंगेन व्हिसा वेगवेगळे. ‘लंडनला जातोच आहोत, तर दोन दिवस पॅरिस करू’ असा बेत असेल, तर दुसऱ्या व्हिसाची तयारी इथूनच करावी लागते. हीथ्रोवरची स्वयंचलित दारं भारतीय पासपोर्टसाठी नाहीत. रांगेत उभं राहून अधिकाऱ्यासमोर जावं लागतं. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि ज्यांच्याकडे उतरणार त्यांचा फोन नंबर हातातल्या पिशवीत, कागदावर असू द्या. मोबाइलची बॅटरी नेमकी त्याच वेळी मान टाकते.

बँकेचं कार्ड घरीच तपासा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नवं कार्ड मिळतं तेव्हा परदेशातला वापर बंदच असतो. तो आपण सुरू करायचा असतो. बँकेच्या अॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘कॉन्टॅक्टलेस’ असे दोन वेगळे खटके असतात. दोन्ही चालू करा. नुसता पहिला केला, तर दुकानात पिन टाकून पैसे जातील, पण रेल्वेच्या फाटकावर कार्ड नुसतं टेकवून चालणार नाही.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी इंग्लंडला जाऊन आलेले काका प्रेमानं कपाटातले उरलेले पौंड देतात. त्यांचे आभार माना, पण नोटा नीट पाहा. बँक ऑफ इंग्लंडच्या आताच्या सगळ्या नोटा प्लास्टिकसारख्या पॉलिमरच्या आहेत. वीस आणि पन्नास पौंडांच्या शेवटच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनातून गेल्या, आणि एक पौंडाचं जुनं गोल नाणं २०१७ मध्येच बाद झालं. आताचं नाणं बारा कोनांचं आणि दोन रंगांचं आहे. दुकानदार जुनं काही घेणार नाही. कागदी नोटा मात्र बँक ऑफ इंग्लंड अजूनही बदलून देते.

खाऊचं तसंच. युरोपाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला ब्रिटनमध्ये मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, खव्याची बर्फी, श्रीखंड, तुपाची बरणी हे सगळं घरीच. भाच्याच्या घरी काही न्यायचंच असेल, तर चिवडा, भाजणी, मेतकूट अशा कोरड्या, सीलबंद गोष्टी न्याव्यात.

प्लग तीन चपट्या पिनांचा असतो. आपला गोल पिनांचा त्यात बसत नाही. विजेचा दाब साधारण आपल्याइतकाच, त्यामुळे फक्त अॅडाप्टर पुरतो, ट्रान्सफॉर्मर नको. सॉकेटला बटण असतं, ते दाबायला विसरू नका. रोजची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीसह, पूर्ण मुक्कामाला पुरतील एवढी न्या. प्रवास विमा काढाच. तातडीचे उपचार इस्पितळात होतात, पण भरती व्हावं लागलं तर परदेशी पाहुण्याला बिल येतं आणि ते मोठं असतं.

विमानतळ ते खोली

हीथ्रोहून शहरात रेल्वेनं यायचे तीन मार्ग आहेत. हीथ्रो एक्स्प्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेते, पण आयत्या वेळचं तिकीट सर्वांत महाग. पिकॅडिली लाइन सर्वांत स्वस्त. ती अर्ल्स कोर्ट, साउथ केन्सिंग्टन, किंग्ज क्रॉस अशी थेट जाते, मात्र मध्यवर्ती भागात पोचायला तासाभराच्या आसपास घेते आणि डबे बुटके, अरुंद. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन या दोन्हींच्या मधली: ऐसपैस डबे, टॉटनहॅम कोर्ट रोडपर्यंत अर्ध्या-पाऊण तासात, आणि तिच्या प्रत्येक स्थानकात रस्त्यापासून फलाटापर्यंत जिना न चढता जाता येतं. दोन मोठ्या बॅगा आणि सोबत आई-वडील असतील, तर ही शेवटची सोय कुठल्याही भाड्यापेक्षा मोलाची.

कारण लंडनची भुयारी रेल्वे जगातली सर्वांत जुनी आहे. १८६३ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, तेव्हा लिफ्टचा विचार कुणाच्या मनात नव्हता. आजही बहुतेक जुन्या स्थानकांत कुठे ना कुठे जिना लागतोच. अधिकृत नकाशावर व्हीलचेअरची खूण पाहावी. निळी खूण म्हणजे रस्त्यापासून थेट गाडीच्या डब्यापर्यंत पायरी नाही. पांढरी खूण म्हणजे फलाटापर्यंत नाही, पण गाडीत चढताना फट किंवा उंचवटा असू शकतो.

खोली निवडतानाही हेच. ‘मध्यवर्ती’ या शब्दाला भुलू नका. भाड्याच्या हिशेबात झोन १ म्हणजे शहराचा मधला भाग, झोन २ त्याच्या भोवतीचा. झोन १ मधल्या, स्थानकापासून पंधरा मिनिटं दूर असलेल्या खोलीपेक्षा झोन २ मध्ये स्थानकापासून पाच मिनिटांवरची खोली बरी, कारण ते अंतर रोज दोनदा चालायचं असतं आणि दुसऱ्यांदा दमलेल्या पायांनी. स्वस्त हॉटेलं बऱ्याचदा एकोणिसाव्या शतकातल्या उंच, चिंचोळ्या घरांत असतात. तिथे लिफ्ट आहे का, हे आधी विचारून घ्या.

कार्ड टेकवा, बाकी हिशेब यंत्र करतं

शहरातल्या प्रवासासाठी तिकिटं काढायची गरज नाही. फाटकावरच्या पिवळ्या गोलावर कॉन्टॅक्टलेस कार्ड किंवा लंडनच्या वाहतुकीसाठीचं ऑयस्टर कार्ड टेकवायचं. दिवसभर कितीही फिरलात तरी ठरावीक रकमेच्या वर पैसे कापले जात नाहीत. अशी कमाल मर्यादा दिवसाला असते, तशी सोमवार ते रविवार या आठवड्यालाही असते. मुक्काम आठवडाभराचा असेल, तर तो सोमवारी सुरू झालेला फायद्याचा.

इथे तीन गोष्टी चुकतात. पहिली, एका कार्डावर एकच माणूस. नवरा-बायकोंनी एकच कार्ड पाळीपाळीनं टेकवून चालत नाही. दुसरी, सकाळी प्लास्टिकचं कार्ड टेकवलं आणि संध्याकाळी तेच कार्ड मोबाइलमधून, तर खातं एक असूनही यंत्राच्या लेखी ती दोन माणसं ठरतात आणि कमाल मर्यादेचा फायदा जातो. तिसरी, भुयारी रेल्वेत चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टेकवायचं. बसमध्ये फक्त चढताना. रेल्वेतून उतरताना विसरलात, तर त्या प्रवासाला जास्तीत जास्त भाडं लागतं.

बसमध्ये रोख पैसे २०१४ पासून घेत नाहीत. २०२५ मध्ये एका बसप्रवासाला १.७५ पौंड पडत होते, आणि पहिल्यांदा कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बसगाड्या बदलल्या तरी तेवढेच. अकरा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत फुकट जातात. अकरा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी स्थानकावरच्या कर्मचाऱ्याला सांगून ऑयस्टर कार्डावर ‘यंग व्हिजिटर’ सवलत घालून घ्यावी. चौदा दिवसांपर्यंत निम्मं भाडं पडतं.

आणि शक्य तिथे बसच घ्या. वेळ थोडा जास्त लागतो, पण जिने नाहीत, आणि वरच्या मजल्यावरची पुढची जागा मिळाली तर तेच स्थलदर्शन. १५ नंबरची बस ट्रफाल्गर स्क्वेअरवरून सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या बाजूनं टॉवर ऑफ लंडनकडे जाते. ९ नंबरची रॉयल अल्बर्ट हॉल आणि हाइड पार्कच्या कडेनं. पर्यटकांच्या उघड्या बसला याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागतात. बसथांब्याच्या डोक्यावर एक इंग्रजी अक्षर असतं. एकाच चौकात पाच-सहा थांबे असतात, तेव्हा मोबाइलमध्ये थांब्याच्या नावासोबत ते अक्षरही पाहा.

नकाशात अंतर शोधू नका

भुयारी रेल्वेचा रंगीत नकाशा हॅरी बेक या ड्राफ्ट्समनने १९३१ मध्ये काढला आणि १९३३ मध्ये तो छापला गेला. जमिनीखालच्या प्रवाशाला वर काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं, त्याला फक्त कुठे बदलायचं ते हवं असतं, हे ओळखून बेकने खरी अंतरं सोडून दिली. रेषा सरळ केल्या, वळणं ठरावीक कोनांत बसवली, मधला गजबजलेला भाग ताणून मोठा केला. आज जगभरच्या मेट्रोचे नकाशे याच पद्धतीचे असतात.

पण चालायला निघालेल्याला हा नकाशा फसवतो. लेस्टर स्क्वेअर ते कोव्हेंट गार्डन हे अंतर सुमारे २६० मीटर. त्यासाठी खाली उतरायचं, गाडीची वाट पाहायची आणि पुन्हा वर यायचं, यापेक्षा रस्त्यानं पाच मिनिटांत माणूस पोचतो. शिवाय कोव्हेंट गार्डनला लिफ्टची गर्दी पाहून जिन्याकडे वळलात, तर गोल गोल १९३ पायऱ्या चढायच्या आहेत. बेजवॉटर आणि क्वीन्सवे ही स्थानकं नकाशात वेगवेगळ्या मार्गांवर दिसतात. प्रत्यक्षात एकाच रस्त्यावर, दोन-तीन मिनिटांच्या अंतरावर. म्हणून गाडी बदलण्याआधी साध्या रस्त्याच्या नकाशावर एकदा नजर टाका.

शनिवार-रविवारी दुरुस्तीसाठी काही मार्ग बंद ठेवतात, तेही सकाळी निघताना पाहावं. आणि २५ डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी रेल्वेही नसते, बसही नसते. त्या दिवशी पायी फिरता येईल अशाच जागी मुक्काम हवा.

एका दिवसाला एक भाग

यादी करून ठिकाणं जोडण्यापेक्षा नकाशावर भाग पाडा. वेस्टमिन्स्टर, बिग बेन आणि सेंट जेम्स पार्क हा एक भाग. टॉवर, टॉवर ब्रिज आणि नदीकाठचं बरो मार्केट हा दुसरा. साउथ केन्सिंग्टनची तीन संग्रहालयं हा तिसरा. एका दिवसाला एक भाग आणि वेळेचं तिकीट काढून जायची फार तर एक जागा. ते तिकीट सकाळचं घ्या. टॉवरमधले राजमुकुट आणि जडजवाहीर पाहायला दार उघडताच गेलात तर रांग छोटी, दुपारी तीच रांग वळसे घेते. बकिंगहॅम राजवाड्यासमोरच्या पहारेबदलासाठी पुढची जागा हवी, तर तास-दीड तास उभं राहावं लागतं. ते झेपणार नसेल तर बँडसह कूच करणारे सैनिक जवळच्या रस्त्यावरून पाहावेत आणि पुढे चालू लागावं.

मोठी राष्ट्रीय संग्रहालयं फुकट आहेत. याचा खरा उपयोग पैसे वाचवण्यात नसून थोडं पाहून बाहेर पडता येण्यात आहे. तिकिटाचे पैसे वसूल करायचे नसल्यामुळे ब्रिटिश म्युझियममध्ये अमरावतीच्या स्तूपाची शिल्पं दीड तास पाहून निघता येतं, आणि वाटलं तर परवा पुन्हा जाता येतं. शुक्रवारी संध्याकाळी ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम उशिरापर्यंत उघडी असतात आणि गर्दी ओसरलेली असते.

व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये मराठी पाहुणे वाघनखं शोधतात. ती जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली, आधी साताऱ्याच्या संग्रहालयात. शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, याचा पुरावा नसल्याचं लंडनच्या संग्रहालयानंच नोंदवलं आहे. टिपूचा तो प्रसिद्ध लाकडी वाघ मात्र लंडनमध्येच पाहायला मिळतो.

दोन घरं आणि एक कालवा

महाराष्ट्रातून जाणाऱ्यानं एक सकाळ या वाटेसाठी राखून ठेवावी. नॉर्दर्न लाइनवरच्या चॉक फार्म स्थानकातून थोडं चाललं की किंग हेन्रीज रोड लागतो. तिथल्या १० क्रमांकाच्या घरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहत होते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधल्या शिक्षणाचे ते दिवस. २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं हे घर विकत घेतलं आणि आता तिथे स्मारक-संग्रहालय आहे. उघडण्याच्या वेळा आधी पाहून जावं.

तिथून प्रिमरोझ हिल अगदी जवळ. टेकडी लहान, चढ सोपा, आणि माथ्यावरून सगळं लंडन समोर. वरती बाकं आहेत, तिकीट नाही. टेकडी उतरून खाली आलात की रीजंट्स कालव्याच्या काठची पायवाट मिळते. प्राणिसंग्रहालयाच्या कडेनं पश्चिमेला साधारण तीन किलोमीटर सपाट चालत गेलं की लिटल व्हेनिस येतं. मध्ये एके ठिकाणी कालवा बोगद्यात शिरतो, तिथे काठ सोडून वरच्या रस्त्यानं जावं लागतं. पाय दमले असतील तर मोसमात कॅमडेन ते लिटल व्हेनिस बोट चालते.

लिटल व्हेनिसला कालव्यापासून हाकेच्या अंतरावर हाउली प्लेस नावाची शांत गल्ली आहे. १० क्रमांकाच्या घरावर निळी गोल पाटी आहे: लोकमान्य टिळक इथे १९१८-१९ मध्ये राहिले. व्हॅलेंटाइन चिरोल या पत्रकारावरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते विलायतेला गेले होते; खटला हरले. हे खाजगी घर आहे, तेव्हा पाटी बाहेरूनच पाहावी, बेल वाजवू नये. वॉरिक अॅव्हेन्यू स्थानक जवळच आहे. भाद्रपदात जाणार असाल तर उत्तर-पश्चिम लंडनमधल्या डॉलिस हिल भागातल्या महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रमही पाहा. १९३२ साली स्थापन झालेलं हे मंडळ गणेशोत्सव साजरा करतं.

खाणं, पाणी आणि ती दुसरी सोय

शाकाहारी माणसाची लंडनमध्ये उपासमार होत नाही. सुपरमार्केटमधल्या सँडविचच्या पाकिटावर ‘व्हेजिटेरियन’ म्हटलेलं असतं, पण त्यात अंडं असू शकतं. अंडं न खाणाऱ्यांनी घटकांची यादी वाचावी. कायद्यानं ठरलेले चौदा अॅलर्जीकारक घटक उठून दिसतील असे, बहुधा ठळक अक्षरांत छापतात, आणि अंडं त्यांत येतं, त्यामुळे ते लगेच सापडतं. यादी वाचायचा कंटाळा असेल तर ‘व्हीगन’ घ्यावं. गरम जेवणाची आठवण आली की युस्टन स्थानकाजवळच्या ड्रमंड स्ट्रीटला जावं; भेळ, डोसा, थाळी सगळं मिळतं. वेंबलीचा ईलिंग रोड गुजराती दुकानांचा, तर साउथॉल पंजाबी.

नळाचं पाणी निर्धास्त प्यावं. रेस्टॉरंटमध्ये ‘टॅप वॉटर’ असं नेमकं मागा, नुसतं ‘वॉटर’ म्हटलंत तर बाटली येते आणि बिलात चढते. बिलात साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेलं असेल, तर वेगळी टिप द्यायची गरज नाही. रविवारी मोठी दुकानं फक्त सहा तास उघडी असतात. दूध-पाव शनिवारीच आणून ठेवा.

रस्त्यावर स्वच्छतागृह सहज सापडत नाही. मोठी रेल्वे स्थानकं, संग्रहालयं आणि बहुमजली दुकानं इथे ते फुकट असतं, म्हणून संग्रहालयातून निघताना गरज नसली तरी जाऊन यावं. आत पाण्याचा फवारा नसतो, फक्त कागद. जवळ एक छोटी रिकामी बाटली ठेवणारे सुखी असतात.

ऊन, पाऊस, रस्ता

लंडनच्या पावसाची कीर्ती मोठी, पण वर्षभरात तिथे सुमारे ६०० मिलिमीटर पडतो. मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो. तिथला पाऊस बारीक, मध्येच येणारा आणि वाऱ्यासोबतचा, त्यामुळे छत्री उलटते. टोपी असलेलं जलरोधक जॅकेट बरं. बेत आखताना पावसापेक्षा उजेड पाहा. २१ जूनच्या सुमाराला सूर्य रात्री सव्वानऊनंतर मावळतो, तर २१ डिसेंबरला दुपारी चारच्या आधी. हिवाळ्यात बागा आणि टेकड्या सकाळी, संग्रहालयं दुपारनंतर. उन्हाळ्यात नेमकं उलट चालतं.

गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं धावतात, हा आपला फायदा. जिथे पट्टे आहेत आणि खांबांवर पिवळे गोळे लुकलुकतात, तिथे पाऊल टाकलं की गाडीनं थांबायचं असा कायदा आहे. सायकली मात्र नेहमी थांबतातच असं नाही. सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्यांसाठी. मोबाइल रस्त्याच्या कडेला हातात धरून उभे राहू नका. सायकल किंवा मोपेडवरून येऊन तो हिसकावून नेण्याचे प्रकार लंडनमध्ये बरेच होतात. पत्ता पाहायचा तर भिंतीला टेकून किंवा दुकानात शिरून पाहावा. संकटात ९९९, तब्येतीचा साधा सल्ला हवा तर १११.

खरेदीवरचा कर परत मिळेल या आशेनं पावत्या जमवू नका. लंडनच्या दुकानातून सोबत नेलेल्या वस्तूंवरची ती सवलत १ जानेवारी २०२१ पासून बंद आहे.

रोज झोपण्यापूर्वी उद्याच्या बेताला तीन प्रश्न विचारा. वेळेचं तिकीट एकच आहे ना? दुपारी अर्धा तास बसायला जागा कुठे आहे? आणि संध्याकाळी गाडी न बदलता खोलीपर्यंत आणणारी बस कुठली? यांतल्या एकाचं जरी उत्तर नसेल, तर बेतातलं एक ठिकाण कमी करा.